दाखल्यातला कोरा रकाना

मंडळी, आज दुपारी आमच्या ऑफिसात सखुबाई नावाच्या एक बाई आल्या. वय पन्नाशीपुढचं. घोटीजवळच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. सखुबाईंना कॉलेज सोडल्याचा दाखला हवा होता. बाहेरून बी.ए. करायचंय आणि प्रवेशाची मुदत उद्या संपतेय.

आमचं कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्ग भाताच्या गिरणीच्या गोदामात भरायचे. सखुबाई त्या पहिल्या तुकडीतल्या.

"एवढं जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर नाही. अर्ज ठेवा, पुढच्या आठवड्यात या," माझी सहकारी म्हणाली. बाईंचा चेहरा उतरला. मी त्यांना बसायला सांगितलं आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढलं.

अर्ध्या तासात नाव सापडलं. जन्मतारीख, वर्ग, सगळं व्यवस्थित होतं. दाखला कधी नेलाच नसल्यामुळे 'कॉलेज सोडण्याचे कारण' एवढा रकाना कोरा होता.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"लगीन झालं, असं लिवा. त्यातच परीक्षा राहिली." मग कोऱ्या रकान्याकडे बघून म्हणाल्या, "पण मॅडम, दाखला तर मी आज नेतेय ना? मग आजचं कारण लिवा. पुढच्या शिक्षणासाठी."

मी तेच लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं, सखुबाईंकडे पाहिलं आणि सही केली.

हे कारण मी आजवर शेकडो दाखल्यांवर सवयीनं लिहीत आले. आज विचारून लिहिलं, आणि बरोबर लिहिलं याची मला खात्री आहे. माझ्या जागी तुम्ही काय लिहिलं असतं?