काहून सरांचा फॉर्म

सर कुठल्याही गोष्टीचं सरळ उत्तर देत नसत. उलट विचारत, "काहून?" म्हणजे का? वेबपानावर निळं बटण ठेवलं, काहून? फॉर्मात नावाच्या आधी फोन नंबर मागितला, काहून? शेवटी लाखांदूरच्या त्या वर्गातल्या आम्ही सात जणांनी त्यांचं नावच काहून सर ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. "ठेवा ना," ते म्हणाले, "पण काहून ठेवलं ते सांगता आलं पायजे."

वर्ग गावच्या अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत भरे. पाच जुने संगणक आणि सरांच्या मोबाइलचं इंटरनेट. वेब ॲप्लिकेशन शिकायचं म्हणजे सर फळ्यावर लिहितील आणि आपण उतरवून घेऊ, असं मला वाटलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला पुढच्या खोलीच्या दारात उभं केलं. आत तीस खुर्च्या होत्या. गावातली मुलं सकाळी सहाला येऊन खुर्चीवर वही ठेवत आणि घरी जाऊन झोपत. दिघोरीहून माझ्याच एसटीने येणाऱ्या तीन मुली साडेनऊला पोचत आणि बाहेरच्या पायरीवर बसून पोलीस भरतीचा अभ्यास करत. "हाच आपला प्रोजेक्ट," सर म्हणाले. "ह्या पोरींले खुर्ची भेटली त तुम्ही शिकले. नाई भेटली त नाई शिकले."

उतरवून घेणं त्यांना खपत नसे. एकाने व्हिडिओतला अख्खा कोड आणून चिकटवला आणि पडदाभर लाल ओळी आल्या. तो वैतागून संगणक बंद करायला निघाला, तर सरांनी हात धरला. "अबे, शिवी नाई देऊन राहिला तो. निरोप होय. कोणत्या ओळीत गोता खाल्ला ते सांगून राहिला, वाच." मग त्यांनी तो निरोप गावाहून आलेल्या पत्रासारखा मोठ्याने वाचायला लावला. आम्हाला हसू आलं. पण बाराव्या ओळीतला राहिलेला कंस सापडला.

खुर्चीसाठी नाव नोंदवायचा फॉर्म बनवण्याचं काम माझ्याकडे होतं. माझी अक्षरओळख पाठ्यपुस्तकाआधी जातिविरोधी चळवळीच्या पत्रकांवर झालेली. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत ती गठ्ठ्यांनी असत. जातीविरुद्ध लिहून-बोलून मी तालुक्यात बक्षिसं घेतली होती. मी फॉर्म केला आणि सरांना दाखवला. नाव, गाव, फोन, जात. जातीपुढे लाल तारा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सरांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा काहून?"

"सर, सगळ्याच फॉर्मात असतो."

"सगळ्याच फॉर्मांचं नाई विचारत. सरकारी फॉर्मात तो कायले असते, ते तुह्या बाबाले माहीत हाये, मले बी माहीत हाये. इथं खुर्ची द्याची हाये. खुर्चीले जात काहून लागते व?"

मी आयुष्यात जितके फॉर्म भरले होते तितक्यांत तो रकाना होता, म्हणून हात आपोआप तिथे गेला. मी तो खोडला. सर पुढच्या बाकाकडे गेले. या विषयावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

आमचं ॲप्लिकेशन दोन महिने चाललं. खुर्च्या पाळीने मिळू लागल्या आणि तिघी मुली आत बसू लागल्या. मग एका दुपारी अभ्यासिकेचे अध्यक्ष आले. कोणाच्या तरी बापाने तक्रार केली होती, आपल्या मुलीच्या बाजूला कोण येऊन बसते म्हणून.

"सर, बाकी सगळं मस्त हाये," अध्यक्ष म्हणाले. "फक्त एक जातीचा रकाना घालून द्या. आपल्याले यादी पाहून बसवता येते. एका रकान्यानं काय होते बाप्पा!"

मी ताडकन उठले आणि पाच मिनिटं बोलले. पेटीतली सगळी पत्रकं कामाला आली. अध्यक्षांनी ते घरच्या लेकराचं कौतुक करावं तसं ऐकलं. "पोरगी बोलते लय छान," म्हणाले, आणि सरांकडे वळले. सरांनी एवढंच विचारलं, "काहून?"

अध्यक्षांकडे उत्तर नव्हतं. खोलीची किल्ली मात्र होती.

सरांनी रकाना घातला नाही. आठवड्याभरात आमचे संगणक व्हरांड्यात आले आणि पुढच्या खोलीत पुन्हा वह्या ठेवून जागा धरणं सुरू झालं. सरांनी घरच्या पडवीत वर्ग चालवून पाहिला, पण तिथे मोबाइलला रेंज नव्हती. दिवाळीनंतर त्यांना नागपुरात नोकरी लागली.

बसस्टँडवर मी त्यांना अभिमानाने म्हणाले, "सर, आपण झुकलो नाही."

"नाई झुकलो," ते म्हणाले. "पण त्या तिघी पायरीवर हायेत. तू लिहितेस ना? मंग दोन्ही लिहजो. नुसतं आपलंच नको लिहू." गाडी लागली. ते खिडकीशी बसले आणि बाजूच्या माणसाशी बोलू लागले.

तिघींपैकी एक पायरीवर बसूनच भरती झाली. उरलेल्या दोघी मृग लागेपर्यंत येत होत्या. मग शेतात धानाची रोवणी सुरू झाली, आणि सकाळच्या गाडीत त्या पुन्हा दिसल्या नाहीत.