खडीचा पोवाडा

डी.एड.ला नगरच्या होस्टेलात आम्ही तिघी एका खोलीत होतो. त्यातल्या दोघींचं नाव एकच, त्यामुळे नावाने हाक मारली की दोघी वळायच्या. मग आम्ही गावांवरून हाका मारायला लागलो. पुढे लग्नं झाली, गावं बदलली, तशा हाकाही बदलल्या. आता मी राहात्याची, एक सुप्याची आणि एक जामखेडची. मी आणि जामखेडची शाळेत लागलो. सुप्याचीला वर्षानुवर्षं वाट पाहून नोकरी लागली नाही. ती सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गेली आणि आज तिथे लाइन सुपरवायझर आहे.

जामखेडचीने तीन वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या मैदानावर दोन दिवसांचा लोकगीतांचा मेळावा सुरू केला. आजूबाजूच्या गावांतले गोंधळी, भारूडवाले, शाहीर, भजनी मंडळं बोलवायची, शनिवार-रविवार दिवसभर गाणं करायचं आणि सूर्य मावळला की सतरंज्या गुंडाळायच्या. कलाकार बहुतेक म्हातारे आणि जानेवारीची थंडी, म्हणून रात्रीचं काही ठेवायचं नाही, हा तिचा नियम. या वर्षी तिचा फोन आला.

"दोघी या. कामाला या, पाहुण्या म्हणून नको."

मी होकार दिला. रविवारची उपासना चुकणार म्हणून आमच्या चर्चच्या पाळकांना आधीच सांगितलं. सुप्याचीने रजा टाकली. शुक्रवारी नगरच्या स्टँडवर आम्ही भेटलो आणि जामखेडच्या एसटीत बसलो. वाटेतलं कडा गाव ओलांडेपर्यंत आमचं बोलणं संपलं नव्हतं. नंतर सुप्याची माझ्या खांद्यावर झोपली.

जामखेडची आम्हाला घ्यायला टेम्पो घेऊन आली होती. मागे स्टेजच्या फळ्या होत्या. आम्ही फळ्यांवर बसलो आणि पोहोचल्या पोहोचल्या त्या उतरवायला लागलो. पाण्याचा टँकर यायचा होता, मांडववाल्याने एक बाजू उघडीच ठेवली होती, आणि साउंडवाला म्हणत होता की शाळेच्या बोर्डावर एवढा लोड घेता येणार नाही. जामखेडची कानाला मोबाईल लावून फिरत होती आणि मधेच आमच्याकडे बघून फक्त बोट दाखवत होती. ते बोट ज्या दिशेला, तिकडे आम्ही पळायचो. भाकरी कितीजणींनी थापायच्या यावरून तिचं आणि सुप्याचीचं वाजलंसुद्धा. दहा मिनिटं दोघी बोलल्या नाहीत, मग एकाच परातीत पीठ मळायला बसल्या.

शनिवारी सकाळी कामं वाटली गेली. सुप्याची गाड्या लावणं आणि गर्दी बसवणं बघणार होती. तिला माइक लागला नाही. मशीन चालू असताना लाइनच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची तिला सवय आहे. "मोटरसायकल लिंबाखाली, जीप हापशाकडं," असं ती सांगायची आणि लोक निमूट ऐकायचे. मला कलाकारांचं काम दिलं. म्हणजे चहा, गरम पाणी, कोणाची गोळी कधी, कोणाला जिना चढवत नाही, कोणाचं वाद्य कोणत्या खोलीत.

तिथेच मला मामा भेटले.

दुपारी एका शाहिराची पार्टी आली. तिघेच होते. शाहीर, त्यांचे ढोलकी वाजवणारे मेहुणे, आणि तुणतुणं घेतलेला सत्तरीपुढचा एक म्हातारा माणूस. सगळे त्यांना मामाच म्हणत होते, म्हणून मीही म्हणायला लागले. तुणतुणं त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाच्या पिशवीत ठेवलं होतं आणि जेवतानाही पिशवी मांडीवर होती. ते झीलकरी होते. पोवाड्यात शाहीर पुढे उभा राहून कडवं म्हणतो आणि मागचा माणूस त्याची शेवटची ओळ उचलून 'जी जी रं जी' करून लांबवतो, त्याला झील ओढणं म्हणतात. मामा आधी शाहिराच्या वडिलांमागे झील ओढत होते, आता मुलामागे ओढतात.

"मामा, तुम्ही कधी पुढे उभे राहून गायला नाहीत?" मी चहा देताना विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मला वाईट वाटलं. त्याला कारण होतं. आमच्या चर्चमध्ये भजनाला पेटी, मृदंग, टाळ सगळं असतं, आणि मी लहानपणापासून मागच्या रांगेत बसून गात आलेय. पुढच्या बाईला सर्दी झाली तर आपल्याला बोलावतील, अशी आशा मी कित्येक वर्षं मनात धरली होती. ती बाई कधी आजारी पडली नाही. मामांकडे बघताना मला वाटलं की या माणसाचंही तसंच राहून गेलं असणार.

शनिवारी शाहिरांनी तासभर गाऊन मैदान डोक्यावर घेतलं. रविवारी त्यांच्या वडिलांनी रचलेला पोवाडा व्हायचा होता. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर या भागातल्या बायांनी खडी फोडून रस्ते केले, त्याचा तो पोवाडा. तो ऐकायला आसपासच्या वाड्यांवरून म्हाताऱ्या बाया येणार होत्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी स्वतः ती खडी फोडली होती.

रविवारी सकाळी शाहीर उठले ते आवाजच घेऊन उठले नाहीत. थंडी, धूळ आणि लागोपाठ चार गावांचे कार्यक्रम. त्यांनी तोंड उघडलं की नुसती हवा यायची. मी हळदीचं दूध दिलं, वाफ दिली, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. काही उपयोग झाला नाही. ते गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसले आणि हातानेच 'नाही' म्हणाले.

बाहेर बाया येऊन बसायला लागल्या होत्या. जामखेडची दारात उभी राहिली. "दुसरं काहीतरी लावते," ती म्हणाली. "भारूडवाल्यांना जरा लवकर उभं करते."

मी म्हणाले, "थांब. मामांना सगळा पोवाडा पाठ आहे. मामा पुढे गातील."

आणि मी मामांकडे गेले. शाळेत लाजऱ्या पोराला स्नेहसंमेलनात उभं करायचं असलं की आपण जसं बोलतो, तसं मी बोलले. तुम्हाला येतं, तुम्ही इतकी वर्षं केलंय, आज तुमचा दिवस आहे, घाबरू नका. मामा ऐकून घेत होते. मग त्यांनी तुणतुणं बाजूला ठेवलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच मी ते त्यांच्यापासून दूर झालेलं पाहिलं.

"बाई, मी घाबरत न्हाई," ते म्हणाले. "पोवाड्यात माझं काम हाय. ते कमी हाय असं तुमास्नी कुनी सांगितलं?"

मी हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"म्होरं कुनाला बी उभं करा. कागद बघून म्हना म्हनावं. मागचं मी बगतो. पन मागं कुनी नसंल तर पोवाडा व्हत न्हाई. मीच म्होरं गेलो तर मागं कोन?"

शाहिरांनी मान हलवली. त्यांनी पिशवीतून वडिलांची वही काढली, निळ्या पुठ्ठ्याची, कडा पिवळ्या पडलेली, आणि ती पुढे धरली. कोणाला द्यायची ते कोणालाच ठरवता येईना. मेहुणे म्हणाले, ढोलकी वाजवत मला शब्द येत नाहीत. माझा आवाज त्या मैदानात दुसऱ्या ओळीच्या पुढे गेला नसता, हे मलाही कळत होतं. तेवढ्यात बाहेरून सुप्याचीचा आवाज आला. "मावशी, पुढं सरका, मागच्यांना बसू द्या." मधे पूर्ण मैदान असूनही खोलीत शब्द न् शब्द ऐकू आला.

शाहिरांनी त्या दिशेला बोट केलं.

तिला आत बोलावून आणलं. सुप्याची म्हणाली, "मला गाता येत नाही." मामा म्हणाले, "गायचं न्हाई. सांगायचं. माणसं बसवताना सांगत हुता न्हवं, तसंच." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जामखेडचीकडे. जामखेडचीने स्वतःच्या डोक्याची ओढणी काढून तिच्या कमरेला शेल्यासारखी बांधली आणि तिला जवळजवळ ढकलतच स्टेजवर नेलं. मी झांज घेऊन मामांच्या शेजारी उभी राहिले. ताल धरण्याइतकं मला चर्चने शिकवलं आहे.

पहिली दोन कडवी तिने शाळेतल्या प्रार्थनेसारखी म्हटली. पण मामा तिची ओळ संपता संपता उचलायचे आणि त्यात पुढच्या ओळीचा पहिला शब्द हळूच सोडायचे, फक्त तिला ऐकू जाईल असा. तिसऱ्या कडव्याला तिचा पाय ठेका धरायला लागला.

"हातात हातोडा, पदराला पोर,
खडीच्या ढिगाला सूर्य समोर..."

समोर बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. "हातोडा बारक्या खडीला," ती म्हणाली. "मोठ्या धोंड्याला घन हुता. माझ्या हातात घन हुता." लोक हसले. सुप्याची थांबली, वहीकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं, आणि तिने तीच ओळ परत म्हटली, 'हातात घन गं' असं करून. म्हातारी खाली बसली. शेजारणीने तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

मग ते घडलं. वारा आला की तिच्या हाताला घाम होता, कोणास ठाऊक, वहीची दोन पानं एकदम उलटली. ती रस्त्याच्या कामावरून एकदम पाऊस पडल्याच्या कडव्यावर पोहोचली, अर्धी ओळ म्हटली आणि तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा उतरला. ती पानं उलटी-सुलटी करायला लागली आणि पान काही सापडेना.

मामांनी झील सोडली नाही. त्यांनी मागची ओळ धरली आणि 'जी जी रं जी' अशी लांबवली, मग वर नेली, मग खाली आणली. मेहुण्यांनी ढोलकी त्यांच्याबरोबर फिरवली. मी झांज चालू ठेवली, कारण थांबायची भीती वाटली. मामा एक पाऊल पुढे आले. त्यांना वाचता येत नव्हतं, हे मला शनिवारीच कळलं होतं, कलाकारांच्या हजेरीच्या यादीवर त्यांनी अंगठा उमटवला होता. तरी त्यांनी वहीवर वाकून पान उलटलं आणि जिथे कडेला तेलाचा डाग होता तिथे बोट ठेवलं. तेच ते पान होतं. मग ते परत मागे आपल्या जागी गेले. एवढ्या वेळात त्यांचा श्वास कुठेच तुटला नव्हता. समोरच्यांना काही चुकलं हे कळलंच नाही. उलट त्या झिलीबरोबर बायांनीच 'जी जी रं जी' सुरू केलं होतं. सुप्याचीने मान वर केली तेव्हा सगळं मैदान तिच्या पुढच्या ओळीची वाट बघत होतं.

त्यानंतर तिने वहीकडे फारसं पाहिलं नाही. मामा शब्द देत होते, ती फेकत होती. शेवटच्या कडव्याला तिचा आवाज फाटला, तसाच फाटका तिने पुढे नेला. संपल्यावर टाळ्या झाल्या, पण त्या जास्त वेळ टिकल्या नाहीत, कारण बाया उठून सरळ स्टेजकडे आल्या आणि आपापलं काम कुठे होतं, कुठला रस्ता आपण केला, कोणाचं पोर ढिगाच्या सावलीत झोपायचं, हे तिला सांगायला लागल्या. ती खाली बसून ऐकत राहिली. शाहीर खुर्चीतून उठले, तिच्याजवळ आले आणि आवाज नसल्यामुळे नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

दुपारी जेवणं उरकल्यावर शेजारच्या शेतात हुरडा भाजला. गोवऱ्यांच्या आरावर कणसं आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी. मी मामांच्या बाजूला जाऊन बसले.

"मामा, सकाळी माझं चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणे माझ्या हातात दिले. "खावा, गरम हाय तवर," ते म्हणाले. मग सुप्याचीकडे बघून, "तुमच्या मैतरणीला आवाज हाय. दम न्हाई. दम हळूहळू येतो."

"मला शिकवाल का?" सुप्याचीने विचारलं. ती थट्टेत विचारतेय असं मला वाटलं. "पुढचं नाही. तुमचं. मागचं."

मामांनी दुसरं कणीस आरावर ठेवलं. "कवा सुट्टी असती?"

"गुरुवारी."

"या गुरुवारी."

संध्याकाळी आम्ही फळ्या परत टेम्पोत चढवल्या. जामखेडचीचा आवाज बसला होता, माझ्या टाचा दुखत होत्या, आणि सुप्याची पहिल्यांदाच कोणावर ओरडत नव्हती. सोमवारी सकाळी मी वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत होते आणि डोळे मिटत होते.

सुप्याची खरंच मामांकडे गेली. पहिल्या गुरुवारी, मग त्याच्या पुढच्याही. शाहिरांचा आवाज आठवडाभरात परत आला. तिचा फोन येतो तेव्हा ती सांगते की मामा अजून तिला शब्द म्हणू देत नाहीत. तास-तासभर एकच सूर धरून बसवतात, आणि मधे श्वास घेतला की पहिल्यापासून.

"कंटाळा येत नाही?" मी विचारते.

"लई येतो," ती म्हणते. "पण आठवडाभर लाइनवर ओरडून तिकडे गेले की बरं वाटतं गं. कोणाला काही सांगायचं नसतं, फक्त धरून ठेवायचं असतं."