चौथं नाव

काल नातीने तिच्या संशोधनाचा छापून आलेला कागद माझ्यापुढे धरला. वर नावांची ओळ होती. तिचं बोट पहिल्या नावावरून सरकत चौथ्यावर थांबलं. "हे माझं, आजी."

तीन वर्षं ही पोर भाताच्या खाचरांत गुडघाभर चिखलात उभी राहून खेकडे मोजत होती. तिच्या पायाच्या जखमांना हळद मी लावली आहे.

"पहिलं कुणाचं?"

"सरांचं."

"ते उतरले होते चिखलात?"

"एकदा आले होते. फोटोपुरते."

"आणि मधली दोघं?"

"एक सरांचे मित्र, एक सरांची सून. तिला बढती हवीय."

नोकरी देताना पहिलं नाव असलेलेच कागद मोजतात म्हणे. हिचा तसा एकही नाही.

मी मोरीत तांब्या घासायला बसले. आमच्यात भांडं घेतलं की दुकानातच घरच्या पुरुषाचं नाव घालून आणायची रीत. या तांब्यावर सासऱ्यांचं आहे. पन्नास वर्षं घासून मी त्यांचंच नाव चकचकीत ठेवलं. मला वाटायचं, मी तिसरी शिकलेली, म्हणून माझं असं झालं. पोरगी शिकली की सुटेल. कशाची सुटते!

"पुढच्या कागदावर तुझं पहिलं घालतील का गं?"

"सर म्हणालेत तसं."

"मागच्या वेळी काय म्हणाले होते?"

ती उंबऱ्यावर बसून चिखलाचे बूट पायात चढवू लागली.