वरंब्याखालची चूल

सोमवारी सकाळी एक नवराबायको गाडीतून उतरले. अंगात नवेकोरे रेनकोट, गळ्यात कॅमेरा. ओढ्याकाठच्या खड्ड्यात डोकावून बाईंनी विचारलं, "ती इंग्रजांची वसाहत कुठंय?"

खड्ड्यात गुडघे टेकून बसलेल्या लोरेटा हर्नने मान वर केली. "शोधतोय, बाई. चारशे वर्षांपूर्वी चाळीस माणसं इथे आली, दोन हिवाळे काढले आणि गेली. त्यांची घरं कुठे होती तेच सापडत नाहीये."

"म्हणजे बघण्यासारखं काहीच नाही?"

"अजून नाही."

चार मिनिटांत गाडी परत वळली. ओढ्यालगतच्या आपल्या अंगणाच्या कुंपणावर रेलून हे सगळं बघणारा अँब्रोज खुशीत आला. हा लोरेटाचा नात्यातला भाऊ. मासेमारी बंद पडल्यापासून कुंपण हीच त्याची कचेरी होती.

"मागच्या आठवड्यातले पाहुणे तीन मिनिटं टिकले होते. हे चार! प्रगती आहे हं, लोरेटा."

"तू रोज आठ तास टिकतोस, त्याचं काय?"

न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर स्टार्लिंग हार्बर नावाचं हे गाव. लोरेटाची बावीस वर्षं तिथल्या मासळीच्या कारखान्यात कॉड मासे चिरण्यात गेली. चार वर्षांपूर्वी सरकारने कॉड धरायला बंदी घातली, कारखान्याला कुलूप लागलं आणि निम्मं गाव पोटामागे दूरच्या आल्बर्टा प्रांतात पांगलं. लोरेटा चाळिशीला आली होती. लग्न केलं नव्हतं. त्याची खंत तिला नव्हती, गावाला होती. मग विद्यापीठातले डॉक्टर प्रिंगल ही हरवलेली वसाहत शोधायला आले आणि कारखान्यातल्या नऊ बायका त्यांच्या हाताखाली लागल्या. मिनिटाला आठ-आठ मासे चिरणाऱ्या हातांना थापीने मातीचा पापुद्रा काढायला शिकवताना डॉक्टर पहिल्या महिन्यातच टेकीला आले होते. पण दोन उन्हाळ्यांत बायका तयार झाल्या, आणि लोरेटा सगळ्यांत.

येत्या शुक्रवारी विद्यापीठाने खोदकामाला दिलेली मुदत संपत होती. तोवर वसाहत सापडली नाही तर डॉक्टर परत येणार नव्हते. नऊजणींचं काम जाणार, त्यांच्यामागून त्यांची बिऱ्हाडं जाणार, मग शाळा, मग दवाखाना. गाव कसं रिकामं होतं ते लोरेटाने एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि खाडीपलीकडच्या रेड कोव्हमध्ये राहत होती. एवढ्याशा वस्तीला शाळा आणि डॉक्टर देणं परवडत नाही, उठा, असं सरकारने सांगितलं. सगळे उठले. तिच्या बापाने मात्र घर सोडलं नाही, घरच सोबत घेतलं. खाली रिकामी पिंपं बांधली, भरतीच्या पाण्यावर घर तरंगतं केलं आणि सहा होड्यांनी ओढत इकडे आणलं. आईने चूल विझू दिली नाही. भर खाडीत किटली उकळत होती आणि होड्यांतली माणसं पाळीपाळीने चहाला वर येत होती. बापाची आत्या होनोरा, म्हणजे अँब्रोजची आजी, तिने आपल्या अंगणाला लागून असलेल्या बटाट्याच्या मळ्याच्या कडेला जागा दिली. तिथे लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं ते घर अजून उभं होतं. लोरेटा त्यातच राहायची.

रेड कोव्हला आता थडगी आणि परसातल्या रुबार्बच्या भाजीचं माजलेलं रान एवढंच उरलं होतं. लोरेटा दरवर्षी जाऊन थडग्यांभोवतीचं गवत कापायची. 'बघण्यासारखं काहीच नाही' हे वाक्य तिथेही कुणी तरी म्हणून गेलं असणार, या विचाराने सोमवारी तिचं डोकं तडकलं ते संध्याकाळपर्यंत तडकलेलंच होतं.

त्याच दिवशी दुपारच्या चहाला डॉक्टरांनी एक फोटो फिरवला. "अशी चिलीम दिसली तर लगेच हाक मारा. त्या काळी तंबाखू महाग, म्हणून चिलमीचं तोंड अंगठ्याच्या नखाएवढं."

लोरेटाने फोटो बघितला, कप खाली ठेवला आणि तडक घरी गेली. माळ्यावरच्या ट्रंकेतून तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात तिची भातुकली होती. गावातल्या सगळ्या पोरी फुटक्या कपबश्यांची खापरं जमवून भातुकली मांडत, तशी तीही मांडायची. फक्त तिची खापरं मळ्यातली होती. हिरव्या, काचेसारख्या लेपाची जाड खापरं तिच्या भातुकलीत ताटं व्हायची. आणि एक इवलीशी मातीची चिलीम, ती बाहुलीच्या बापाची.

डबा बघून डॉक्टरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "बटाट्याच्या मळ्यात? दोनशे वर्षं कुदळ चाललेली जमीन. खाली सगळं उलथंपालथं झालं असेल. शास्त्राच्या दृष्टीने काही उपयोग नाही."

"डॉक्टर, तुम्ही कधी बटाटे लावलेत?"

"नाही."

"मग ऐका. आमच्यात जमीन उकरून बटाटा लावत नाहीत. गवतावरच बी ठेवायचं, वर समुद्राचं शेवाळ आणि कॅपलिन मासळी पसरायची आणि दोन्ही बाजूंच्या सरींतली माती ओढून वरंबा करायचा. कुदळ चालते ती सरीत. वरंब्याच्या खालच्या जमिनीला कुणी हात लावलेला नाही."

"दरवर्षी वरंबे सरकत असतील ना?"

"होनोरा आजीच्या मळ्यात? एकदा अँब्रोजच्या बापाने वरंबा हातभर सरकवला, तर तिने त्याला जेवायला दिलं नाही. ही खापरं सरीत निघाली, म्हणजे उरलेलं सगळं वरंब्याखाली आहे."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पटतंय. पण कागदपत्रं ओढ्याकडे बोट दाखवतात आणि माझ्याकडे चारच दिवस आहेत."

"तुम्ही ओढ्यावर राहा. मला चार दिवस मोकळं करा."

"पद्धतीने खणाल?"

"दोन उन्हाळे तुम्हीच शिकवलंत. नीट शिकवलं असेल तर नीट खणेन."

बटाटे काढायला अजून महिना होता. मंगळवारी उजाडताच लोरेटाने घरालगतचे तीन वरंबे हातांनी मोकळे केले. बटाटे सुपारीपेक्षा थोडे मोठे, साल नखाने सुटत होती. असले बटाटे हिवाळ्यात टिकत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तरी अँब्रोजने सांगितलंच.

"हिवाळ्यात काय खाणार? चिलमी?"

"तुझ्याकडे येईन जेवायला."

"आजीने हे बघितलं असतं तर कुदळ घेऊन मागे लागली असती."

"आजी असती तर तिने ती कुदळ तुझ्या हातात दिली असती. कुंपण सोडलंस तर बरं होईल, ते वाकलंय."

तिने सुतळीने चौकोन आखले. वरंब्याची भुसभुशीत माती बाजूला चाळून ठेवली. बुधवारी दुपारी थापीला काळी, घट्ट, बोटभर जाडीची रेघ लागली. जुन्या गवताचा थर तो. त्याच्यावर कधी कुदळ चालली नव्हती. लोरेटाला एकदम रडू आलं. ते तिने बाहीने पुसलं आणि पुढे खरवडायला घेतलं.

गुरुवारी ओढ्यावरची आग्नेस आपली थापी घेऊन येऊन बसली. "डॉक्टर ओरडतील तर ओरडू देत," म्हणाली. ही कारखान्यात बावीस वर्षं लोरेटाच्या शेजारच्या टेबलाशी होती. दोघी पापुद्र्यामागून पापुद्रा काढत राहिल्या. काळ्या थराखाली आधी कोळसा आला, मग भाजून लाल झालेली माती, मग एकमेकांना चिकटून बसवलेले सपाट दगड. अंधार पडला तेव्हा अर्धं चुलाण उघडं झालं होतं. कडेला हिरव्या लेपाचं एक फुटकं मडकं आडवं पडलं होतं, कुणीतरी आत्ताच खाली ठेवल्यासारखं.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले ते सरळ मातीत पालथे झाले. एकेक दगड त्यांनी बोटांनी चाचपला. मग ते उठून बसले आणि त्यांनी लोरेटाकडे बघितलं. तो चेहरा नुसत्या आनंदाचा नव्हता.

"चुलाण त्यांच्याच काळचं आहे. पण अर्ध्या चुलाणावर मला वसाहत सापडली असं लिहिता येणार नाही. लोक म्हणतील, कुणा हंगामी कोळ्याची झोपडी असेल. घराच्या भिंती लागायला हव्यात. भिंती लागल्या तर दहा वर्षांचं काम निघेल."

"मग लागू देत की."

डॉक्टरांनी थापीने चुलाणापासून निघालेली दगडांची ओळ दाखवली. ती तिरपी जात होती आणि लोरेटाच्या घराच्या ठोकळ्यांखाली शिरत होती.

"तुम्ही घर हलवा, असं मी म्हणणार नाही," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणू शकत नाही. मी मुदत वाढवून मागतो, पण ते नाहीच म्हणतील."

लोरेटा घराकडे बघत उभी राहिली. वाऱ्याने पोपडे आलेला पिवळा रंग, बापाने बसवलेली खिडकी, धुरांड्यातून निघणारा धूर. या घरासाठी बाप आयुष्यात एकदाच सरकारी माणसासमोर ओरडला होता. हे घर म्हणजे रेड कोव्हचं उरलेलं सगळं होतं. हे हललं आणि मोडलं तर?

मग तिला दिसलं की ठोकळे तिने गेल्याच वर्षी बदलले होते, तुळया अजून खणखणीत होत्या, आणि घराला प्रवासाची सवय होती.

"कधीपर्यंत हलवलेलं चालेल?" तिने विचारलं.

"काय?"

"तुमची मुदत आज संपते ना. संध्याकाळपर्यंत घर बाजूला झालं आणि तुम्ही खालची जमीन बघून विद्यापीठाला फोन केलात, तर चालेल?"

डॉक्टरांनी आधी घड्याळ बघितलं, मग घर, आणि मान डोलावली. आग्नेस उठली, गुडघे झटकले आणि घराघरांतून माणसं गोळा करायला चालू लागली. जी उरली होती ती सगळी, पाद्र्यांसकट.

लोरेटा कुंपणापाशी गेली. अँब्रोज तिथेच रेलला होता.

"तुझ्या होडीचा जाड दोर कुठंय?"

"शेडमध्ये. आणि खाली घालायला ओंडकेही आहेत." त्याने घरावर नजर फिरवली, मग मळ्यावर, मग मधल्या उतारावर. "न्यायचं कुठे?"

"चाळीस पावलं. तुझ्या अंगणात."

चार वर्षं ज्या कुंपणावर अँब्रोज रेलला होता ते नेमकं वाटेत होतं. तो वाकला, पहिला खांब दोन्ही हातांनी धरला आणि उपटून बाजूला टाकला. दुसरा उपटताना मान न वळवता त्याने विचारलं, "आणि चूल? ती विझवून ये आधी."

लोरेटा स्वयंपाकघराची पायरी चढत होती. तिने आत जाऊन चुलीत दोन लाकडं सारली, वर भरलेली किटली ठेवली आणि खिडकी उघडून बाहेर ओरडून सांगितलं, "विझवायची नाही. ओढणाऱ्यांना चहा लागेल."