याडीची चाल

माणूस तोंडावरून नव्हे, चालीवरून ओळखणारा साऱ्या हिंगोली जिल्ह्यात एकच प्राणी होता, आणि तो नेमका माझा वर्गमित्र निघाला. एसटी डेपोसमोर त्याचं इंटरनेट कॅफे होतं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पोरं तिथं तासन्‌तास ब्राउझरमधले गेम खेळत, आणि त्यातली माणसं मागून ढकलल्यासारखी चालतात याचं दुःख फक्त ह्यालाच होतं. आपण स्वतःच एक गेम करायचा आणि त्यातलं माणूस खऱ्यासारखं चालवायचं, असं त्यानं मनावर घेतलं. मोंढ्यातल्या हमालांच्या खांद्या-कोपरांना थर्माकोलचे गोळे चिकटवून तो लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन त्यांच्यामागे फिरे. मग एकेक चित्र थांबवून गोळ्यांच्या जागी कॉम्प्युटरवर ठिपके मांडत बसे. घामानं गोळे गळत. ते हळदीच्या पोत्यात सापडले तेव्हा व्यापाऱ्यानं ह्याला हाकलून दिलं. माझ्या लग्नात सगळे नवरीकडे पाहत होते, हा माझ्या सासऱ्यांच्या टाचांकडे. उजवा पाय आत पडतो, असं त्यांना सांगूनही आला. सासरे अजून त्याची चौकशी करतात, आणि ती प्रेमानं नसते.

खरा ध्यास मात्र वेगळाच होता. साखऱ्याकडच्या बंजारा तांड्यावर त्याची आई राहायची. तिला तो याडी म्हणे, म्हणून मीही. डोक्यावर भारा घेऊन ती उतार उतरे तेव्हा भारा जागचा हलत नसे. गेमच्या नायिकेला त्याला तीच चाल द्यायची होती. पण याडीचे गुडघे धरत चालले होते. आता टिपली नाही तर ती चाल कायमची जाणार, ही त्याची धास्ती. एकदा उन्हात टाकलेले तिचे जुने घागरा-कांचळी बघून तो जागीच बसला. कापडावरचे आरसे ठिपक्यांसारखे चमकत होते, आणि ते घामानं गळणारेही नव्हते.

बाजारात लोक टक लावून बघतात म्हणून याडीनं तो पोशाख सोडून साडी धरली होती. तो पुन्हा घालायला तिनं साफ नकार दिला. हा हट्टाला पेटला. "तुझी चाल गेली तर मी कोनाची आणू?" एवढंच तो म्हणाला. सकाळी याडी आरशांसकट बाहेर आली. "भाऱ्याबिगर चाल येत न्हाई," म्हणाली. डॉक्टरांनी ओझं बंद केलेलं. मग ह्यानं उरलेलं सगळं थर्माकोल गाठोड्यात बांधलं. फुलासारखं ते गाठोडं डोक्यावर घेऊन याडी अशी उतरली, की मला ते जड वाटलं.

गेम तयार झाल्यावर तिला कॅफेत आणलं. पोरांनी खुर्ची दिली. पडद्यावर घागऱ्यातली पोरगी उतार उतरू लागली. याडी खुर्चीतून पुढं वाकली.

"व्हय, मीच हाय. किती बी येळा उतरवा हिला, लेकरायहो. हिचे गुडघे दुखत न्हाईत."

निघताना ती माझा खांदा धरून कॅफेच्या पायऱ्या उतरली, एकेक पायरी थांबत. मित्र आधीच खाली उतरून तिच्याकडे वळून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या पायांकडे न बघता तोंडाकडे बघत होता.