चंदा मावशी कोणाची?

मुस्कानचा फोन आला तेव्हा मी बाबांच्या कापडाच्या दुकानात बसले होते. "ताई, मावशी गेली," एवढंच ती म्हणाली आणि पुढं नुसतं रडणं… गिऱ्हाइकासाठी कापड मोजता मोजता बाबांनी विचारलं, "कोण गेलं?" चंदा मावशी मंगरूळपीरमधल्या तृतीयपंथीयांची गुरू, आणि मुस्कान तिची चेली. पण माझी ती कोण होती? मैत्रीण म्हणावं तर वयानं आईपेक्षा मोठी. "ओळखीच्या बाई," असं म्हणून मी चप्पल पायात घातली. आता काही आठवडे उलटले. ते उत्तर अपुरं होतं एवढं कळतं, पुरं कसं करायचं ते कळत नाही.

कॉलेजच्या सेवा योजनेतले आम्ही काही जण बसस्टँडमागच्या तिच्या खोलीवर पहिल्यांदा गेलो, ते आरोग्याची माहिती द्यायला. काय बोलायचं ते सरांनी पाठ करून घेतलं होतं. दार उघडलं तर समोर उंच, रुंद खांद्यांची, ठसठशीत कुंकू लावलेली बाई आणि आवाज असा भरदार, की आम्ही सगळं विसरलो. तिनं एकेकाकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, "घरी सांगून आले का?" कुणीच सांगितलं नव्हतं. "मंग चहा प्या अन् जा. घरी सांगा, मंग या. चोरून आलेलं माणूस मले चालत नाई." मला रागच आला. आम्ही मदतीला आलो आणि ही आम्हालाच परत पाठवते! घरी सांगायला पुढं बरेच दिवस धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "त्या दुकानात येतात तेव्हा मी हात जोडतो, बेटा. पण त्यांच्या घरी जायचं म्हणजे…" वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. तो होकार होता की नकार, मला आजही माहीत नाही. मी होकार समजले. आमच्यातले निम्मे पुन्हा आलेच नाहीत.

जे गेलो ते चुकत चुकत शिकलो. एकानं विचारलं, "मावशी, तुम्ही लहानपणापासूनच अशा आहात का?" ती हसली, "तू लहानपणापासून असाच हायेस का?" तो बिचारा खरंच विचारात पडला. मी जैन, कांदा-लसूण खात नाही, हे कळल्यावर तिनं माझ्यासाठी वेगळी कढई आणली आणि तिच्यात दुसरं काही शिजवू दिलं नाही. जिला लोक चहाचा कप वेगळा देतात, तिनं माझं भांडं वेगळं ठेवलं होतं. ही माया होती, की मला अंतरावर ठेवणं? विचारलं तर म्हणायची, "खाय ना गुपचूप."

नंतर तिची शुगर वाढली. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात कुरकूर सुरू झाली आणि पुरुषांच्या वॉर्डात ती पाऊल टाकेना. तिची कुठं तरी सोय होईपर्यंत आम्ही आळीपाळीनं व्हरांड्यातल्या बाकावर तिच्याजवळ बसायचो. तिथंच एकदा ती म्हणाली, "मी मेली त कुठंबी न्या मले. फक्त मर्दाचे कपडे घालू नका." मी घाईघाईनं विषय बदलला.

मुस्कानचा फोन आला त्या दिवशी खोलीवर पोचले तर दारात जीप उभी होती. मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरून मावशीचा धाकटा भाऊ प्रेमसिंग आला होता. तिला भाऊ आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याच्या हातात नवं धोतर आणि सदरा. "आमचा भाऊ हाय थो. फुलसिंग. आमी घरी नेऊन राह्यलो."

मुस्कान दारात आडवी उभी राहिली. "आमची माय हाय थे. इथंच ठेवा म्हणे मले."

"मले फोनवर म्हणे, घरी ने."

दोघंही खरं बोलत होते, हे दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. तिनं दोघांना दोन गोष्टी का सांगितल्या असतील? मग दोघंही माझ्याकडं वळले. "ताई, तुमी शिकेल हा. तुमीच सांगा." शिबिरांत जे ऐकलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. मी फक्त बाकावरचं तिचं वाक्य सांगितलं. प्रेमसिंग हातातल्या कपड्यांकडं बघत राहिला. "याडीले काय सांगू मंग?" त्यानं विचारलं. याडी म्हणजे त्यांची आई. शेवटी त्यानं ते कपडे जीपच्या सीटखाली सारले आणि मुस्कानला म्हणाला, "चाल, तूबी बस."

हिरवी साडी नेसूनच मावशी तांड्यावर गेली. आम्हीही मागोमाग गेलो. तांड्यातली माणसं थोडी लांबच उभी होती. म्हातारीला नीट दिसत नाही. तिनं चाचपडत लेकराचा हात धरला, मनगटावरून बोटं फिरवली आणि आपल्या भाषेत काही तरी म्हणाली. मी प्रेमसिंगला विचारलं. "बांगड्या कोणं भरल्या, म्हणते." ही तक्रार होती की कौतुक, त्यालाही सांगता येईना. मुस्कान पुढं झाली आणि म्हणाली, "म्या भरल्या." म्हातारीनं तिचाही हात हातात घेतला आणि सरण पेटेपर्यंत सोडला नाही.

मागच्या आठवड्यात मुस्कानला भेटायला गेले, तर खोलीत प्रेमसिंग बसलेला. फोटो न्यायला आलात का, म्हटलं. तो म्हणाला, "फोटो काय कामाचा? याडीले दिसत नाई. तिचा आवाज असन त पाहा." 'तिचा' म्हणाला आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा 'त्याचा'. मावशीला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती आम्हा सगळ्यांना फोनमध्ये आवाज भरूनच निरोप पाठवायची. मुस्काननं एक शोधून लावला. "कुठं मेली वं? ये लवकर, भाकर थंडी होऊन राह्यली…" सगळी खोली त्या आवाजानं भरली. प्रेमसिंगनं खाली मान घातली. मुस्काननं तो निरोप त्याच्या फोनवर पाठवला.

काल त्याचा फोन आला होता. म्हातारी रोज जेवायच्या वेळी तो निरोप लावायला सांगते. आवाज थांबला की हातानं जमीन चाचपत उठते आणि म्हणते, आले, आले…