तीन तोंडाचा पाहुणा

माहा नवरा तापानं गेला अन् सासूनं जेवणच सोडलं. दोन घास तोंडात घाले, उठून जाये. घरात तसाही कण्याचाच भात. धानाच्या रोवण्याच्या मजुरीवर आमी दोघी. मले वाटे, हे बी गेली तं या घरात मी कोणासंग बोलू?

नवऱ्याचा रेडिओ तेवढा मांगं राहिला. रविवारी दुपारची हासवाची मालिका त्याले लय आवडे, म्हणून मी थे लावो. सेल उतरले का उनात वाळत घालो, मंग थोडा वेळ चाले. मालिकेत कोण्या ताऱ्यावरचा एक जण शहरात पडला होता. यान मोडलं. तोंडं तीन, अन् तिन्ही संगच बोलत. राशनच्या दुकानात गेला तं दुकानदार म्हणे, कार्डावर नाव कोण्या तोंडाचं टाकू? रेडिओतले लोकं हासले. सासू नाई हासली.

"सकाळपासून उपाशी हाये थो," म्हणे. "कोणी पाणी बी नाई इचारलं."

उठली, रेडिओपुढं पाट मांडला, ताट ठेवलं. पाहुणा जेवल्याबिगर आमच्यात घरचं कोणी जेवत नाई. तोंडं तीन, तं भात तिप्पट. माह्या वाट्याचा बी त्यातच गेला. शेजारची काकी म्हणे, बुढी येडी झाली. मंग तिनंच इचारलं, याले सुकी मासोळी चालते का, अन् घरून घेऊन आली.

मी सासूले म्हणलं, "आत्याबाई, पाहुणा एकटा कसा जेवन? लाजन थो. संग बसा."

बसली. जेवली. पाहुण्याचं ताट मंग मी अन् काकीनं संपवलं.

बाकीच्या दिवशी मी सांगो का रविवारी थो इचारन, जेवल्या का नाई, तं काय सांगाल? मंग जेवे.

एका रविवारी त्याचं यान दुरुस्त झालं, थो निंगाला. सासूनं मुरमुरे अन् गूळ फडक्यात बांधून रेडिओवर ठेवले.

"वरच जाऊन राहिला तं माह्या पोराले भेटजो," म्हणे. "सांगजो, माय जेवते. तिन्ही तोंडानं सांगजो."

पुढच्या रविवारी त्याच वेळेस धानावरच्या किडीची माहिती लागली. आता जेवल्या का म्हणून इचारन कोण? मी तिचं ताट वाढलं अन् चुलीजवळ बसली. सासू आली, पाटावर बसली, भात कालवला.

"पोचला असन आतापावतर," म्हणे. "सांगतलं बी असन. आता त्याले खोटा कसा पाडू?"